हरलेल्यांचे दाजी

जिंकलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालायला अख्खा खालापूर तालुका धावतो, पण हरलेल्या माणसाच्या घरी चहाची वेळ साधून, हातात फरसाणाचा पुडा घेऊन जाणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. त्यांना स्वतःचं नाव आहे, आधार कार्डावर ते छापलेलंही आहे, पण लोधिवलीपासून खोपोलीपर्यंत लहानथोर सगळे त्यांना दाजीच म्हणतात. वास्तविक हा हक्क मेव्हणा म्हणून माझा एकट्याचा. तो गावाने परस्पर वाटून घेतला आणि मीही तक्रार केली नाही, कारण दाजींवर एकट्याने हक्क सांगायचा म्हणजे त्यांची सगळी खुळंही एकट्याने सांभाळायची, आणि ते काम एका कुटुंबाच्या आवाक्यातलं नाही.

ग्रामपंचायतीचे निकाल लागले, गुलाल उधळत मिरवणूक नाक्यावर आली, की दाजी त्या गुलालाच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. ते शांतपणे अर्धा किलो फरसाण बांधून घेतात आणि पडलेल्या उमेदवाराच्या ओसरीवर जाऊन बसतात. एकदा अगदी सात मतांनी पडलेले एक गृहस्थ आधीच चवताळून बसले होते. दाजींना पाहून ते म्हणाले, "तुमी तर मला मत पण दिलं नसंल." दाजी म्हणाले, "नाय दिलं. म्हणून तर आलो." यावर हसावं की भांडावं हे त्या गृहस्थांना कळेना, शेवटी त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून दोन कप चहा सांगितला. टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धेत दुसरा नंबर आलेल्या संघाच्या टेंपोत हे चढून बसणार. दहावीला गणितात राहिलेल्या पोरीच्या घरी जाणार, तिच्या बापाशी भाताच्या लावणीवर तासभर बोलणार, निकालाचं नाव काढणार नाहीत आणि उठताना दारामागे लपलेल्या पोरीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणणार, "जुलैत परत परीक्षा हाय म्हणं. फरसाण खा गं, मऊ पडंल."

अशा माणसाला व्हिडिओ गेमचा नाद लागेल असं कुणी भाकीत केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण तो लागला, आणि लागला तो औषध म्हणून. दाजी खोपोलीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं होते. एका सकाळी त्यांचा उजवा हात यंत्रात गेला. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, अशी दोन बोटं गेली आणि अंगठ्याजवळचं पहिलं बोट वाचलं खरं, पण ते वाकेना. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, रोज तासभर दाबत बसा, नाहीतर बोटाचं लाकूड होईल. दाजींनी तो चेंडू दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. म्हणाले, "त्याला त्याचा उपयोग तरी कळतो." ताईने डोक्याला हात लावला. तेव्हा माझी भाची, त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला लागून वर्षच झालं होतं. पहिल्या पगारातून हौसेने घेतलेलं गेम खेळायचं यंत्र तिने घरीच ठेवलं होतं, कारण तिकडच्या खोलीत टीव्हीला जागा नव्हती. तिने रिमोट बापाच्या हातात दिला. "बाबा, चेंडू नको तर हे दाबा. दाबल्यावर काहीतरी होतं तरी."

पहिले पंधरा दिवस ते मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळले. त्यात ते सिग्नलला थांबत आणि मागून येणाऱ्या गाड्या त्यांना धडकून पुढे जात. "हॉर्न कुटं हाय याच्यात?" असं त्यांनी मला फोन करून विचारलं. पुढे तलवारीचे, बंदुकीचे गेम आले. पाठमोऱ्या माणसावर ते कधी वार करत नसत. समोरचा राक्षस काही बोलू लागला तर त्याचं बोलणं पुरं होऊ देत, आणि रस्त्यात आडव्या येणाऱ्या शिपायाला मारण्याआधी "दादा, बाजूला हो ना रं" असं एकदा तोंडाने सांगून बघत. गेमची मूळ नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती: तलवारवाला, कोल्ह्याचा, आगबोटीतल्या भुताचा. आणि गेम संपला की तो करणाऱ्यांची नावं खालून वर सरकू लागतात, तेव्हा दाजी उभे राहत. शेकडो नावं असतात, वीस-वीस मिनिटं चालतात. दाजी एकेक अक्षर लावून ती वाचत. "एवढी माणसं राबली, नावं तरी वाचू," असं त्यांचं म्हणणं. कारखान्यातून निघालेल्या कुठल्याच मालावर आपलं नाव कधी लागलं नाही, हे त्यामागे असावं, पण तसं ते कधी बोलले नाहीत. बोट मात्र हळूहळू वाकू लागलं.

मग भाचीने एक दिवस सांगितलं की या गेमनाही बक्षिसं असतात. वर्षाच्या शेवटी, अमेरिकेत कुठेतरी, मोठ्या नाट्यगृहात समारंभ होतो आणि तो फुकट बघता येतो. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. झालं! तेव्हापासून दर डिसेंबरात एका पहाटे मला स्वेटरावर जाकीट चढवून कर्जतहून चौकच्या रस्त्याने स्कूटर हाकत लोधिवलीला हजर व्हावं लागतं, कारण मी कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि समारंभ इंग्रजीत असतो. मी पोचतो तेव्हा दाजींची आंघोळ झालेली असते आणि अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट असतो. शेजारच्या म्हाताऱ्या आत्या ताईच्या हातच्या गरम घावण्यांसाठी येऊन बसलेल्या असतात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, "एवढ्या पहाटं आंघोळ कशापायी रं?"

"तिकडं सगळी कोट घालून बसलीत आत्या. आपण पारोसं बघायचं का?"

"आपला कोण हाय त्यात?"

"आपला कोण नाय."

आत्यांनी थोडा वेळ टीव्हीकडे बघितलं आणि ताईला म्हणाल्या, "याला दृष्ट लागली असंल गं."

समारंभाच्या बाजूला एक पट्टी असते. तिच्यात जगभरचे बघे आपापली मतं लिहीत असतात आणि ती इतक्या वेगाने वर पळतात की एखादा शब्द पकडायचा म्हणजे धावत्या गाडीचा नंबर टिपण्यासारखं. दाजींना समारंभाइतकीच त्या पट्टीची ओढ. पहिल्याच वर्षी त्यांनी भाचीच्या मदतीने तिथे "सर्वांना शुभ सकाळ" असं मराठीत लिहिलं. ते पापणी लवायच्या आत वर निघून गेलं, म्हणून ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी परत लिहिलं. नंतर एकेका ओळीवर बोट ठेवून ते मला अर्थ विचारू लागले.

"हा काय म्हणतोय, मास्तर?"

"शिव्या देतोय."

"कुणाला?"

"ज्यांचा गेम जिंकला त्यांना."

"का पण?"

"याच्या आवडीचा जिंकला नाही म्हणून."

"मग त्यानं रडावं की. शिव्या कशाला?" दाजी खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "आणि हा?"

"हा जिंकलेल्यांच्या बाजूचा आहे. तो हरलेल्यांना हसतोय."

दाजींनी मान हलवली. निकाल सांगणारी बाई पाकीट फोडते, जिंकलेले उठून एकमेकांना मिठ्या मारतात, तेव्हा सगळं जग त्यांच्याकडे बघत असतं आणि दाजी खुर्चीतून पुढे वाकून मागच्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्या बाकीच्यांना शोधत असतात. "तो बघ, चष्मेवाला. हसतोय, पण त्याच्या पोटात बघ काय झालं असंल." चष्मेवाल्याच्या घरी फरसाण घेऊन जाणं शक्य नव्हतं, म्हणून दाजींनी पत्रं लिहायचं ठरवलं. दर वर्षी समारंभ आटोपला की मी भाषांतराला बसायचं. मजकूर साधारण असा असे: "आपण हरलात हे आम्ही येथून पाहिले. वाईट वाटले. आपला गेम मी दोनदा खेळलो, पहिल्यांदा समजला नाही, दुसऱ्यांदा समजला. आपल्या घरच्यांना धीर द्या. वेळेवर जेवत जा." मी शेवटचं वाक्य गाळायला बघितलं. इंग्रजीत असं कुणी लिहीत नाही, असं मी भाषेचा शिक्षक या नात्याने सांगितलं. दाजी म्हणाले, "इंग्रजीत लोक जेवत नाय का?" वाक्य राहिलं. उत्तर कधीच आलं नाही. दाजींची तशी अपेक्षाही नव्हती. सांत्वनाला गेलेल्या माणसाने उलट भेटीची वाट बघायची नसते, एवढा शिष्टाचार त्यांना ठाऊक होता.

आणि मग पूलवाली आली.

हा गेम कुठल्याशा थंड देशातल्या चार जणांनी मिळून केला होता. पुरात एका खोऱ्यातले सगळे पूल वाहून गेलेत आणि एक मध्यमवयीन बाई फळी-फळी जोडून ते पुन्हा बांधते, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, पळापळी नाही. भाचीने तो दाजींना धाडला आणि त्याच दुपारी मला त्यांचा फोन आला. गेम सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं होतं आणि ते पुढे जायला घाबरत होते. मी फोटो पाठवायला सांगितलं आणि वाचून दाखवलं: तुमच्या हाताला कुठली बटणं दाबायला त्रास होतो? ती सांगा, आम्ही ती कामं दुसऱ्या बटणांवर देतो. घाई नाही.

 मग दाजी म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं.

"हे कुणाला विचारलंय?"

"जो खेळेल त्याला, दाजी."

"कारखान्यात पण असं कुणी विचारलं नव्हतं रं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या वर्षीच्या बक्षिसांत पूलवालीचं नाव आलं. समोर तलवारवाल्याचा नवा भाग होता, त्याचे जगभर लाखो चाहते. तरी दाजींनी समारंभाच्या पहाटे नवा शर्ट घातला. भाची सुट्टी काढून आली होती आणि बाप कसा आनंदतो ते टिपायला मोबाइल धरून बसली होती. मीही होतो, आत्या होत्या, ताई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. पाकीट फुटलं आणि तलवारवाला जिंकला. दाजी हळूच उठले. चष्मा काढला. मागच्या रांगेत त्या चौघांचे चेहरे क्षणभर दिसले, तेव्हा दाजींनी टीव्हीसमोर दोन्ही हात जोडले, एक आठ बोटांचा नमस्कार, आणि म्हणाले, "पोरांनो, पूल चांगला झाला होता रं. लय चांगला झाला होता."  ते तसेच हात जोडून, उभ्या उभ्या रडले.

त्या वर्षीचं पत्र, हाताबद्दल विचारल्याच्या आभारासकट, आम्ही त्या चौघांना धाडलं आणि भाचीने मोबाइलवर टिपलेला तो प्रसंग इंटरनेटवर टाकला. तिला वाटलं, एवढी चांगली गोष्ट चार लोकांनी बघावी. पहिल्या दिवशी चार लोकांनीच बघितली. मग तलवारवाल्याच्या कुणा चाहत्याने तेवढाच रडण्याचा तुकडा कापला, मागे माकडचेष्टांना शोभेल असं संगीत घातलं आणि सोडून दिला. आठवडाभरात तो सगळीकडे पसरला. हरलेल्या बाजूची थट्टा करायची म्हणजे दाजींचा चेहरा लावायचा, अशी रीतच पडली. कुणी म्हणालं म्हातारा नाटक करतोय, कुणी म्हणालं याला घरी काही कामधंदा नाही. एकाने चित्र थांबवून त्यांच्या हाताभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं की असा हात असल्यावर सोपेच गेम आवडणार. मी त्या प्रतिक्रिया ओळन् ओळ वाचल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मला आपल्याला इंग्रजी येतं याचा राग आला.

आता मला माझं सांगायला हवं. एके दिवशी नववीच्या वर्गात शिरलो तर मागच्या बाकांवर हशा चालला होता. दोघं-तिघं उभे राहून, दोन बोटं मुडपून, हात जोडून रडण्याची नक्कल करत होते. "पूल चांगला झाला होता रं!" बाकीचा वर्ग खिदळत होता. मी दाजींचा कोण लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी डस्टर टेबलावर आपटला, "शांत बसा" म्हणालो आणि धडा सुरू केला. तो माणूस माझा दाजी आहे, हे एक वाक्य होतं. ते मला इंग्रजीतही सांगता आलं असतं आणि मराठीतही. मी सांगितलं नाही.

लोधिवलीत तोवर घर शांत झालं होतं. भाचीने मूळ चित्रफीत काढून टाकली होती आणि पुण्याहून रोज फोन करून रडत होती. दाजी तिला समजावत, "तू काय वाईट केलंस? तू तर फोटोच काढला." पण खोपोलीच्या बाजारात दोन तरुणांनी त्यांच्याकडे बघून हात जोडले, त्या दिवसापासून ते उजवा हात खिशात घालून चालू लागले. अपघातानंतरही त्यांनी हात कधी लपवला नव्हता. बस थांबवायला तोच हात उंच करायचे. रिमोट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवला. बोट पुन्हा ताठरू लागलं. डॉक्टर रागावले. दाजी हो हो म्हणाले आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसले.

या सगळ्यात ताई काहीच बोलली नव्हती. ताईला गेममधलं ओ की ठो कळत नाही. ती टीव्ही पुसायची तेवढाच तिचा संबंध. एका दुपारी मी तिकडे गेलो होतो, तर जेवणं आटोपल्यावर ती स्टुलावर चढली, कपाटावरची पिशवी काढली, रिमोट घेतला आणि दाजींच्या समोर मांडी घालून टीव्ही लावला. भाचीकडून फोनवर शिकून घेतलं असावं. पूलवाली पडद्यावर आली. ताईने कुठलंतरी बटण दाबलं आणि बाई सरळ नदीत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. पाच-सहा वेळा असं झाल्यावर दाजींच्या खुर्चीतून आवाज आला.

"डावीकडं घे गं. डावीकडं."

"मला काय ठाऊक डावं कुठलं. हिला पोहता येत नाय का?"

"बर्फाची नदी हाय ती. मरंल ती बाई!"

"मरू दे मग," ताई मागे न बघता म्हणाली. "तुमी तर सोडलीच हाय तिला."

पूलवाली सातव्यांदा नदीत पडली. दाजी उठले, ताईच्या शेजारी खाली बसले आणि त्यांनी खिशातून हात काढला. ताईने रिमोट दिला आणि भांडी घासायला निघून गेली. मला मागीलदारी नळाचा आवाज ऐकू येत होता, तो नेहमीपेक्षा बराच वेळ चालला.

त्यानंतरच्या रविवारी दाजी कर्जतला माझ्या दारात उभे. हातात फरसाणाचा पुडा. मला आनंद झाला, म्हटलं काय विशेष, कुणाकडे आला होतात? "तुझ्याकडंच," म्हणाले. बसले. चहा झाला. पिकाविषयी बोलणं झालं, माझ्या स्कूटरविषयी झालं. मग पुड्याची दोरी सोडत ते म्हणाले, "शाळेत पोरं माझी नक्कल करतात म्हणं."

मी रिकामे कप उचलायला लागलो. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या वर्गातल्या एकीच्या आईचं माहेर आमच्या आळीत." त्यांनी पुडा माझ्यापुढे सरकवला. "तू काय बोलला नाय त्यांना."

मी नाही अशी मान हलवली.

"लाज वाटली असंल. मला पण वाटली." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं जसं दोघांनाही एकाच वेळी सर्दी झाली असावी. "खा. ताजं हाय."

मी फरसाण खाल्लं. दाजी कुणाकडे फरसाण घेऊन जातात हे मला चांगलं माहीत होतं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी ते माझ्याकडे कधी आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात धडा उघडण्याआधी सांगितलं, की ज्यांची तुम्ही नक्कल करता ते माझे दाजी, माझ्या बहिणीचे यजमान. त्यांची बोटं कारखान्यात गेली. ते रडले ते चार परक्या माणसांसाठी, ज्यांनी त्यांना हाताबद्दल विचारलं होतं. एवढंच बोललो. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.  मी पान काढायला सांगितलं. तास संपल्यावर नक्कल करणाऱ्यांतला एक टेबलापाशी आला, बराच वेळ खडूच्या पेटीशी चाळा करत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, तो गेम अवघड हाय का?" मी म्हटलं, मला पुलावर तीन फळ्यांच्या पुढे जाता आलेलं नाही. तो हसला नाही. "मी बघतो," म्हणून गेला.

आणि आषाढात, भातलावणी चालू असताना, उत्तर आलं. त्या चौघांतल्या एका बाईने लिहिलं होतं. हातांविषयीचा तो प्रश्न तिनेच गेममध्ये घातला होता. या वेळी मला उलट्या दिशेने भाषांतर करायचं होतं. दाजी ओसरीवर बसले, ताई दारात. तिने लिहिलं होतं की त्या संध्याकाळी निकालानंतर आम्ही नाट्यगृहाच्या मागच्या दाराने बाहेर पडलो आणि एकमेकांशी बोललोही नाही. नंतर तुमचा तो तुकडा आम्ही आधी त्या संगीतासकट बघितला. मग आवाज बंद करून बघितला. मग तुमच्या मुलीने टाकलेला पूर्ण प्रसंग कुणीतरी जपून ठेवलेला सापडला, तो बघितला. तुम्ही काय म्हणालात ते आम्ही तुमची भाषा येणाऱ्या एका माणसाला शोधून विचारलं. पुढे लिहिलं होतं की पैशांअभावी आमची कंपनी बंद झाली. आम्ही चौघं आता चार शहरांत आहोत, गेम विकायला ठेवणंही थांबलं आहे, पण तुमचं पत्र चौघांकडेही आहे.

मला वाटलं दाजी खूश होतील. इतक्या वर्षांनी एक उत्तर आलं होतं. पण ते एका वाक्यावरच अडकून बसले होते.

"चौघं वेगळी झाली?"

"हो. कामं मिळतील तिकडे गेली."

"एकत्र राबलेली माणसं," ते म्हणाले. मग बराच वेळ समोरच्या खाचरात वाकलेल्या बायांकडे बघत राहिले. "मग आता चार पत्रं लिहायला लागतील, मास्तर. एकात भागणार नाय."

आम्ही चार लिहिली. त्यातल्या दोघांची उत्तरं येतात, दोघांची येत नाहीत. पुढच्या डिसेंबरातही दाजी पहाटे आंघोळ करून बसले. पट्टीतल्या शिव्या पूर्वीइतक्याच वेगाने वर पळत होत्या. त्यात एका अनोळखी माणसाने त्यांना नावाने ओळखून इंग्रजीत "काका, आज कुणासाठी रडणार?" असं विचारलं. ते चेष्टेने की आपुलकीने हे मला सांगता आलं नाही. दाजी म्हणाले, "लिही, अजून ठरलं नाय."

गेल्या महिन्यात मी दुपारचा तिकडे गेलो. आत्या आता नाहीत. त्यांची जागा भिंतीशी तशीच मोकळी असते. टीव्हीवर पूलवाली एका रुंद नदीच्या काठावर उभी होती. खोऱ्यातला हा शेवटचा पूल, भाचीने मला सांगितलं होतं, आणि त्याच्या जेमतेम तीन फळ्या बाकी होत्या. त्या तीन फळ्या कितीतरी महिने बाकी आहेत. दाजी रोज तासभर तिथे येतात, बाईला काठाकाठाने फिरवतात, बोट वाकवून घेतात आणि बंद करतात.

"लावून टाका ना दाजी," मी म्हटलं. "एका दुपारचं काम आहे."

"लावंन."

"कधी?"

ते पडद्याकडेच बघत होते. "चार पोरं चार गावी गेली. त्यांचं एकत्र असं हे एवढंच राहिलंय रं. आजच कशाला संपवायचं?"

 ताई चहा घेऊन आली, आम्हाला कप दिले आणि आपला कप घेऊन आत्यांच्या जागी भिंतीला टेकून बसली. ती बाई काठावर तशीच उभी, खालून पाणी वाहतंय, पलीकडे संध्याकाळ होत आलेली. थोड्या वेळाने ताई म्हणाली, "जरा मोठं करा ना, पाणी ऐकू येत नाय." दाजींनी कप खाली ठेवला आणि आवाज वाढवला, आणि आम्ही तिघं कुठल्याशा थंड देशातल्या त्या नदीचा आवाज ऐकत चहा प्यायलो.